विलीज पिकअपचा हॉर्न: बॅटरीला थेट लावला की ओरडतो, स्टिअरिंगवरून दाबला की नुसता 'टक्'

द्राक्षवेल_तासगाव

नमस्कार मंडळी. गेले तीन रविवार या एका हॉर्नपायी गेलेत. घरातल्यांनी आता माझ्याशी या विषयावर बोलणं सोडलंय, म्हणून इथे आले.

गाडी १९५३ ची विलीज जीप पिकअप. चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, लेफ्ट हँड, सहा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा मायनस चॅसीच्या लोखंडाला जोडलेला). आजोबांनी घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती. द्राक्षाच्या पेट्या भरून मिरज स्टेशनला जायची. माझ्या लहानपणी ती गोठ्याशेजारी विटांवर उभी होती आणि कोंबड्या तिच्या हौद्यात अंडी घालायच्या. दोन वर्षांपूर्वी मी ती करायला घेतली. बॉडी चॅसीवरून उतरवली, चॅसीला पावडर कोटिंग केलं, बॉडीखालचे रबर नवे घातले, वायरिंग सगळं नव्यानं ओढलं. हॉर्न मात्र जुनाच ठेवलाय. त्यावर 'स्पार्टन' असं कोरलेलं आहे. आत उघडून पॉइंट घासले, बाहेरून काळा रंग दिला, बस.

आता दुखणं सांगते. हॉर्नच्या टर्मिनलला मीटर लावला की ६.२ व्होल्ट दिसतात. हॉर्न काढून बॅटरीला थेट जोडला तर असा ओरडतो की शेजारच्या आळीतली कुत्री गोळा होतात. पण गाडीत बसवून स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की नुसता 'टक्'. एकदाच. बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा एक 'टक्'.

आणखी एक विचित्र गोष्ट. स्टिअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवून दाबलं तर 'ब्यॅ' असा एक आजारी आवाज निघतो. सरळ केलं की पुन्हा टक्. लाईट, ब्रेकलाईट, वायपर सगळं व्यवस्थित चालतं. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते.

आमच्या इथल्या वायरमनचं म्हणणं, "ताई, बारा व्होल्ट करून टाका, सगळे प्रश्न मिटतील." मला करायचं नाही. हॉर्नवरचा स्क्रू फिरवून बघितला, पाव आट्यानं इकडे, पाव आट्यानं तिकडे. काही फरक नाही, परत होता तिथे आणला.

लेफ्ट हँड गाडीत उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की समोरून काय येतंय ते दिसतच नाही. हॉर्न वाजवत हळूहळू तोंड बाहेर काढायचं, एवढाच मार्ग. म्हणून हॉर्न हवाच. कुठे बघू?

पक्या_हडपसर

ताई, एवढं काय डोकं लावताय. डॅशबोर्डखाली एक पुशबटण लावा, हॉर्नची दुसरी वायर बटणाला, बटणाची बॉडीला. पाच मिनिटांचं काम. बाजारात साध्या किमतीत मिळतं. माझ्या काकांच्या जीपला वीस वर्षं तसंच आहे. आणि जमलं तर बारा व्होल्ट करून एक पीपी हॉर्न टाका, मग बघा ट्रॉलीवाला कसा बाजूला होतो.

द्राक्षवेल_तासगाव

पक्या भाऊ, पुशबटण मलाही सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण गाडीची व्हिंटेज नोंदणी करायचीय. ५० वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये नियम आले ना, २० हजार फी आणि दहा वर्षांची वैधता, तीच. एका पुशबटणानं नोंदणी अडणार नाही हे माहीत आहे. पण आजोबांच्या बटणावर अंगठा ठेवला की त्याची कड झिजलेली लागते. ते बटण शोभेला ठेवून खाली दुसरं लावायचं हे मला पटत नाही. पीपी हॉर्न तर आमच्या गावात वडापवाल्यांनाही नको झालाय.

निवृत्त_वायरमन

ताई, मी एसटीत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. डेपोत आणि नंतर विभागीय कार्यशाळेत. हॉर्न बंद म्हणून गाडी आली की नवीन पोरं आधी हॉर्न काढायची. मी त्यांना म्हणायचो, अरे, आजारी माणसाचा शर्ट काय काढतोस, नाडी बघ.

तुमचा हॉर्न चांगला आहे. बॅटरीला लावल्यावर ओरडतो म्हणजे त्याचा विषय संपला. स्क्रूला हात लावू नका.

आता मीटर. ६.२ व्होल्ट दाखवतो म्हणून तुम्ही त्या बाजूनं निर्धास्त झालात, तिथंच सगळे फसतात. बटण दाबलेलं नसताना त्या वायरीतून करंट वाहतच नाही. वाहत नाही तर अडणार कुठे? नळ बंद असताना पाइपात पाणी भरलेलंच असतं. पाइप आत गाळानं चोंदलाय का ते नळ सोडल्यावर कळतं. तुम्ही मीटर लावायचा तो बटण दाबून धरल्यावर. घरातल्या कुणाला तरी बसवा दाबायला.

सहा व्होल्टला हे दुप्पट खरं. बारा व्होल्टच्या गाडीत एखाद्या गंजक्या जोडात एक व्होल्ट खाल्ला गेला तर अकरा उरतात, हॉर्न जरा बसक्या आवाजात का होईना, वाजतो. सहामधला एक गेला तर पाच. दोन-तीन गेले तर तो 'टक्' म्हणून बसतो. हे 'टक्' काय आहे सांगतो. हॉर्नमध्ये एक कॉइल असते, ती पत्र्याचा पडदा ओढते. पडदा पुरता ओढला गेला की पॉइंट उघडतात, कॉइल सुटते, पडदा मागे येतो, पॉइंट परत जुळतात. हे सेकंदाला काहीशे वेळा होतं, तोच आवाज. करंट कमी पडला की पडदा अर्ध्यावर ओढला जातो, पॉइंट उघडेपर्यंत पोचतच नाही. तिथेच चिकटून राहतो. म्हणून एकच 'टक्'. तसा धरून ठेवू नका, कॉइल तापते.

आता रस्ता बघा. जुन्या जीपमध्ये हॉर्नला लाईव्ह कायम असते. बटण लाईव्ह जोडत नाही, बटण अर्थ देतं. हॉर्नपासून वायर स्टिअरिंग कॉलमपाशी येते, तिथून आत, वर बटणापर्यंत. बटण दाबलं की ती वायर स्टिअरिंगच्या दांड्याला टेकते. तिथून करंट दांड्यातून खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये, बॉक्समधून चॅसीत, चॅसीतून बॅटरीच्या मायनसला. मध्ये रिले, म्हणजे मोठा करंट परस्पर जोडणारा स्विच, नाही. हॉर्नचा पूर्ण करंट या वाटेनं जातो.

तुमच्या लाईटला वायरमननं वेगळी अर्थ वायर दिली असणार, म्हणून त्या चालतात. हॉर्नची अर्थ म्हणजे ते लोखंड. आणि तुम्ही त्या लोखंडाला काय केलंत ते तुम्हीच वर लिहिलंय.

दोन कामं करा. एक, जाड वायरीला दोन्ही बाजूंनी क्लिपा लावून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं स्टिअरिंगच्या नटाला. बटण दाबा. दोन, ती वायर काढून मीटर घ्या, बटण दाबून धरा, नट ते बॅटरी मायनस किती व्होल्ट येतात ते लिहा. मग तसंच बॉक्स ते चॅसी.

पक्याभाऊ, पीपी हॉर्नचं डोक्यातून काढा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वाचा, वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न चालत नाहीत. आरटीओत तपासणीला तोच पहिला काढायला लावतील.

द्राक्षवेल_तासगाव

काका, पावडर कोटिंग!! वाचता वाचता कपाळाला हात लावला. बॉक्स ज्या चॅसीवर बसतो ती मी हौसेनं एक तास ओव्हनमध्ये भाजून आणलीय. बोल्टची भोकंसुद्धा काळीकुळकुळीत झालीत, तेव्हा किती आनंद झाला होता!

उद्या करून सांगते.

द्राक्षवेल_तासगाव

केलं. भाच्याला सीटवर बसवला, त्याला एवढा आनंदाचा रविवार मिळाला नसेल.

नटाला वायर लावली, बटण दाबलं. वाजला. पूर्ण आवाजात नाही, जरासा घोगरा, पण सलग वाजला. आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली.

मग आकडे. बटण दाबून नट ते बॅटरी मायनस ३.८ व्होल्ट. बॉक्स ते चॅसी ३.५. म्हणजे सहातले साडेतीन त्या एका रंगाच्या थरात जात होते. चॅसी ते बॅटरी मायनस काहीच नाही, कारण तिथे बॅटरीची अर्थ पट्टी लावताना मी रंग खरवडला होता. तेवढं सुचलं होतं, पुढचं सुचलं नाही.

पण काका, डावीकडे पूर्ण फिरवल्यावर 'ब्यॅ' का व्हायचं? आणि वायर लावल्यावरही आवाज घोगरा का?

निवृत्त_वायरमन

पहिल्याचं उत्तर सोपं. बॉक्समधून एक लिव्हर बाहेर येतो, त्याला रॉड, रॉडला बॉल जॉइंट, तिथून पुढचा एक्सल, एक्सलवर पाटे. स्टिअरिंग शेवटाला नेलं की हे सगळे सांधे एकमेकांवर करकचून दाबले जातात. तेवढ्यापुरती एक चोरवाट मिळते. ग्रीसमधून जाणारी वाट ती, तिचा भरवसा नाही.

अर्थ आता कायमची द्या. मी असतो तर चॅसीचा नवा रंग खरवडलाच नसता. गुंफलेल्या तांब्याची पट्टी मिळते, ती बॉक्सच्या एका बोल्टखाली दाबा आणि दुसरं टोक बॅटरीची अर्थ जिथे चॅसीला आहे त्याच बोल्टवर आणा. बॉक्सचा कान मात्र पांढरा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन चोपडा. केबिन ते चॅसी अशी दुसरी पट्टीही टाकाच. बॉडी रबरावर आहे ना, तीसुद्धा अधांतरीच आहे. आज तुमच्या वायरिंगमुळे निभतंय. उद्या कुणी एखादी वस्तू बॉडीला अर्थ देऊन जोडली की हीच रामकहाणी.

घोगरेपणाचं कारण कॉलममध्ये असणार. तिथे ब्रश आहे. तो प्रकार विलीजमध्ये नेमका कसा बसवलाय ते कुणी ती गाडी उघडलेला सांगेल तर बरं. मी टाटा-लेलँडवाला.

शिरीष_टोलेडो

काका, ते मी सांगतो. मूळचा सोलापूरचा, सध्या मुक्काम ओहायोत टोलेडोला. विलीज-ओव्हरलँडचं गाव हे. ताई, तुमची पिकअप इथूनच निघाली. जुना कारखाना पाडला, 'ओव्हरलँड' अशी अक्षरं असलेली विटांची एक चिमणी ठेवलीय. कामावर जाताना रोज दिसते. माझ्याकडे सीजे-२ए, म्हणजे विलीजचीच जुनी जीप, आहे आणि तिचा कॉलम मी तीनदा सोडलाय. तिसऱ्यांदा निव्वळ स्वतःच्या मूर्खपणामुळे.

कॉलमची बाहेरची नळी स्थिर असते, आतला दांडा फिरतो. मग स्थिर वायरीतला करंट फिरत्या दांड्यातल्या वायरीला द्यायचा कसा? त्यासाठी दांड्यावर एक पितळी कडं बसवलेलं असतं, खाली इन्सुलेशन ठेवून. नळीला बाहेरून एक छोटा ब्रश असतो, स्प्रिंगनं त्या कड्यावर दाबलेला. हॉर्नची वायर ब्रशला येते. कड्याला डाग दिलेली दुसरी वायर दांड्याच्या भोकातून आत शिरते आणि पोकळ दांड्यातून वर बटणापर्यंत जाते.

या गाड्यांच्या रॉस स्टिअरिंग बॉक्समधलं तेल कधीकधी वर चढतं. कड्यावर तेल, त्यावर धूळ, त्याची काळी लापशी होते. ब्रश तिच्यावर घसरतो. दोन स्क्रू काढले की ब्रश बाहेर येतो. पेट्रोलनं कापड भिजवून भोकातून कडं पुसा आणि स्टिअरिंग फिरवत फिरवत सगळी गोलाई पुसा. पॉलिश पेपर लावायचाच तर अगदी बारीक, आणि चुरा आत पडू देऊ नका.

वरची वायर तपासा ही हात जोडून विनंती. सत्तर वर्षांचं कापडी इन्सुलेशन आहे. मी तपासली नव्हती. म्हणून तिसऱ्यांदा.

बारा व्होल्टचा सल्ला ज्यानं दिला त्याला सांगा, सहा व्होल्टच्या हॉर्नला बारा दिले तर करंट दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. दोन-तीन वेळा जोरात वाजेल आणि मग कधीच वाजणार नाही. स्पार्टनचे हॉर्न मिशिगनमधल्या जॅक्सनला बनायचे, इथून फार लांब नाही. तसा जुना सापडायला नशीब लागतं. ब्रश लागला तर कळवा, नवे बनवलेले मिळतात, डिसेंबरात सोलापूरला येणार आहे.

पक्या_हडपसर

मी फक्त एक पुशबटण म्हणालो होतो राव 😄 पण चालू द्या, शिकतोय. आमच्या काकांच्या जीपचं ओरिजिनल बटण का बंद पडलं असेल ते आता कळलं. त्यांनीपण रंग दिला होता.

द्राक्षवेल_तासगाव

उशीर झाला लिहायला, छाटणीची गडबड होती.

पट्ट्या दोन्ही टाकल्या. बॉक्सचा कान घासताना आतून मूळचा हिरवा रंग निघाला. आमची गाडी हिरवी होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणते निळी, मामा म्हणतो लाल. मी निळी करून बसलेय.

ब्रश काढला. शिरीषदादा, लापशी हा शब्द अगदी बरोबर. बोटाला लागलेला काळा चिकटा दोन दिवस गेला नाही. ब्रश एका बाजूनं तिरपा झिजलाय, पण अजून आहे. कडं पुसल्यावर पिवळं चकचकीत निघालं. सगळं बसवलं, बटण दाबलं आणि काय सांगू! घोगरेपणा गेला. खर्जातला, जाड, एका सुरातला आवाज. आजकालच्या गाड्यांसारखा किंचाळत नाही.

आणि मग मी ती चूक केली, जी न करण्याबद्दल हात जोडून विनंती केली होती. वरची वायर तपासली नाही. वाजतोय ना, मग कशाला स्टिअरिंगचं चाक उपसा, असं वाटलं.

शनिवारी सांगलीला निघाले. कवठेएकंदच्या अलीकडे उजवीकडे वळले आणि हॉर्न वाजायला लागला. मी हात लावलेला नाही. चाक सरळ केलं, थांबला. परत जरा उजवीकडे, परत सुरू. पुढे एक आजोबा सायकलवरून चालले होते, ते उतरले, सायकल कडेला घेतली, मला वाट दिली. मी हात जोडले. हॉर्न चालूच. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. शेवटी थांबून बॉनेट उघडलं आणि हॉर्नची वायर उपटली, तेव्हा शांतता. टपरीवाला म्हणाला, "गाडी जुनी हाय पण कंठ चांगला हाय की."

घरी येऊन चाक ओढलं. दांड्याच्या तोंडाशी, वायर जिथे वाकून बटणाकडे येते, तिथे कापड पार कुजून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या. उजवीकडे वळलं की वायरीला पीळ बसायचा आणि तारा दांड्याच्या कडेला टेकायच्या. म्हणजे आपोआप अर्थ. आणि काका, गंमत बघा. आधी अर्थच नव्हती म्हणून हा दोष इतके दिवस दबून होता. तुम्ही अर्थ दिलीत आणि तो बोलायला लागला.

जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर डाग देऊन जोडली आणि तिच्यामागून नवी आत ओढून घेतली. दांड्याच्या तोंडाची कड कानशीनं गोल केली, वर स्लीव्ह घातली. चाक दोन्हीकडे शेवटपर्यंत दहा-दहा वेळा फिरवलं. गप्प. बटण दाबलं तेव्हाच वाजला.

शिरीष_टोलेडो

ताई, माझं तिसरं खेपेचं कारण शब्दशः हेच. फरक एवढाच की माझा हॉर्न चर्चच्या पार्किंगमध्ये अडकला होता, आणि आत लग्न चालू होतं. ब्रश तिरपा झिजलाय म्हणताय तर नवा आणतोच.

निवृत्त_वायरमन

छान केलंत. आता आकडा लिहा. बटण दाबून नट ते बॅटरी मायनस.

द्राक्षवेल_तासगाव

०.१ व्होल्ट, काका. चालेल ना?

निवृत्त_वायरमन

पळेल. फ्यूज आहे का त्या लाईनीत? नसेल तर आजच टाका. कवठेएकंदला वायर उपटायला तुम्ही जवळ होतात. रात्री गोठ्याशेजारी कोण असणार?